मागचा शॉक कुणाच्या हाती द्यायचा: इंदूरमधल्या एका माउंटन बाइकचे प्रकरण

पार्श्वभूमी

सायकल अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची ट्रेल बाइक आहे आणि तिच्या मागच्या चाकाला १४० मि.मी. हालचाल मिळते. शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, हवेचा, वेगळी टाकी नसलेला, मापाने २१० × ५५. म्हणजे दोन्ही टोकांच्या आयलेटच्या (बोल्टच्या भोकांच्या) मध्यांतले अंतर २१० मि.मी. आणि शॉकची चाल ५५ मि.मी. चाकाची हालचाल भागिले शॉकची चाल केली की लिव्हरेजचे गुणोत्तर मिळते, इथे ते साधारण २.५ आहे. शॉकच्या बुशात, म्हणजे त्या भोकात बसवलेल्या कड्यात, अर्धा मि.मी. ढिलाई आली की चाकाजवळ ती सव्वा मि.मी. होऊन जाणवते. मागच्या सस्पेन्शनमधली झीज बारीक असतानाच का बोचू लागते, ते या गुणाकारातून कळते.

मालक पस्तिशीचा, लोकमान्य नगरात राहणारा, पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. हत्यारे वापरायची सवय आहे, पण शॉक कधी उघडलेला नव्हता. अंगावरच्या सामानासकट वजन ७८ किलो. रविवारी महूच्या पुढे जानापावचा उतार किंवा चोरलकडच्या वाटा, आणि आठवड्यात एकदा पहाटे जवळपासच्या मुरमाच्या वाटा. सायकल त्याने वापरलेली घेतली होती आणि आधीच्या सर्व्हिसिंगची नोंद कुणाकडेच नव्हती.

आठवड्याला दोन फेऱ्या, प्रत्येकी दोन-अडीच तास, एवढे धरले तरी वर्षाचे दोनशे तास सहज होतात. रॉकशॉक्स ही शॉक बनवणारी कंपनी आपल्या बहुतेक मागच्या शॉकसाठी हवेच्या भागाचे काम दर ५० तासांनी आणि डँपरचे, म्हणजे शॉकची हालचाल मंदावणाऱ्या तेलाच्या भागाचे, २०० तासांनी करायला सांगते. दुसरी कंपनी फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते म्हणते. वेळापत्रक कोणतेही धरा, हा शॉक त्याच्या फार पुढे गेलेला होता. त्यात माळव्याची माती. पावसाळ्यात काळी चिकण माती सीलच्या ओठावर थापली जाते आणि उन्हाळ्यात तीच पिठासारखी उडून त्याच ओठात शिरते. शिवाय प्रत्येक चिखलाच्या फेरीनंतर सायकल स्कूटर धुण्याच्या सेंटरवर जोरदार फवाऱ्याने धुतली जायची. तो फवारा वायपर सीलवर (शॉकच्या तोंडाशी धूळ अडवणारे सील) आणि पिव्हटवर (फ्रेमचे फिरते सांधे) सरळ मारला की पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते.

अडचण

पावसाळ्यानंतरच्या काही फेऱ्यांत तीन तक्रारी एकत्र आल्या. शॉकमध्ये १७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरले तरी पुढच्या फेरीला पंप १५०च्या आसपास दाखवायचा. सॅडल धरून मागची बाजू किंचित उचलली की कुठेतरी ‘खट्’ असा आवाज यायचा. आणि जानापावच्या लांब उतारावर दहा-पंधरा मिनिटांनी मागचे चाक दगडांवरून उसळू लागायचे, रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याच्या वेगाचा, लाल नॉब कितीही फिरवला तरी फरक पडत नसे, आणि शॉकमधून पचपच आवाज यायचा.

सायकलच्या दुकानात हे सगळे एका वाक्यात सांगितले गेले: मागचे सस्पेन्शन खराब झाले आहे. दुकानाने नवा शॉक सुचवला. एका मित्राने मोटरसायकलचे शॉक भरणाऱ्या वर्कशॉपचे नाव दिले आणि दुसऱ्याने सील किट मागवून घरीच करायला सांगितले. सल्ले तीन आणि तिघेही आपल्या परीने बरोबर, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा बिघाड होता. ‘सर्व्हिसिंग कुणाकडून करून घ्यायचे’ या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हते, कारण सर्व्हिसिंग नेमके कशाचे, हे कुणी विचारलेच नव्हते.

आधी तपासणी

मागचे सस्पेन्शन ही तीन वेगळी कामे आहेत. पहिले हवेचा डबा, म्हणजे एअर कॅन आणि त्याची सीले. दुसरे सांधे, म्हणजे शॉकच्या आयलेटमधले बुश आणि फ्रेमच्या पिव्हटमधली बेअरिंगे. तिसरे डँपर, म्हणजे तेल, झडपा आणि तेलामागे दाबाखाली ठेवलेला वायू. तिन्हींना लागणारे कौशल्य वेगळे, हत्यारे वेगळी आणि चूक झाली तर होणारे नुकसानही वेगळे.

हवा खरोखर गळते का, हे आधी पाहिले. इथे पुष्कळ जण फसतात. पंप वाल्व्हला लावला की शॉकमधली थोडी हवा पंपाच्या नळीत येते आणि आकडा दहा-वीस पीएसआयने खाली दिसतो. गळती एका थेंबाची नसली तरी. हवामानाचाही हिशेब आहे: जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर भरलेले १७५ पीएसआय मेच्या ४० अंशांत १९५च्या घरात जातात, आणि उलटेही तसेच. म्हणून पंपाऐवजी सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने शॉक किती बसतो ते, मोजणे बरे. शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवायची, पूर्ण सामानासकट सायकलवर बसायचे, हळूच उतरायचे आणि रिंग किती सरकली ते मोजायचे. ५५ मि.मी. चालीच्या शॉकला २८ टक्के म्हणजे साधारण १५ मि.मी. आदल्या रात्री १५ होती, सकाळी तशीच मोजली तर १९ आली. गळती खरी होती. मग शॉक काढून, हवा भरलेला असतानाच, पाण्याच्या बादलीत बुडवला. वाल्व्हपाशी बुडबुडे आले असते तर वाल्व्हचा गाभा घट्ट करून किंवा बदलून काम संपले असते. इथे बुडबुडे वायपर सीलच्या कडेने येत होते.

खट् आवाजासाठी शॉक परत जागेवर बसवला. एकाने सॅडल धरून मागची बाजू जेमतेम उचलायची आणि सोडायची, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचे, निम्मे बोट हलत्या भागावर आणि निम्मे फ्रेमवर. शॉकच्या खालच्या आयलेटवर बोटाला ठोका स्पष्ट लागला आणि डाव्या रॉकरवर, म्हणजे शॉकला ढकलणाऱ्या फ्रेमच्या दांडीवर, पुसटसा. मग शॉकचा बोल्ट काढून मागचा त्रिकोण, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग, हाताने वरखाली केला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यायला हवा, हा मात्र अडकत, दाणेदार फिरत होता. पिव्हटचे बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशांतच पुढेमागे होते. त्यामुळे सगळा भार त्याच त्या गोळ्यांवर पडतो आणि कड्यात त्यांच्या जागी खळगे पडतात.

डँपरची तपासणी घाईत झाली आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. सोपी चाचणी अशी: रिबाउंड पूर्ण बंद करून सॅडल जोरात दाबून सोडायची, मग नॉब पूर्ण उघडून तेच करायचे. वर येण्याच्या वेगात डोळ्यांना दिसेल एवढा फरक हवा. इथे फरक जवळपास नव्हता. पण हवा गळत असल्यामुळे आधी गळती थांबवू, कदाचित त्यानेच सुधारेल, असे मालकाने ठरवले. तेव्हा ते पटण्याजोगे वाटले, पण एअर कॅनची गळती आणि रिबाउंडचा नॉब यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

पर्याय

नवा शॉक घेणे. वेळ कमी, किंमत सगळ्यात जास्त. माप बरोबर जुळले तरी झडपांचा ट्यून, म्हणजे कंपनीने ठेवलेली कडक-मऊ जुळणी, त्या फ्रेमच्या लिव्हरेजला जुळेलच असे नाही. आणि सांध्यांचा खटका नव्या शॉकनेही गेला नसता, कारण बेअरिंगे फ्रेममध्ये असतात. हा पर्याय बाजूला ठेवला, पण डँपर बॉडीवर खोल ओरखडा निघाला तर तोच एकमेव उरणार होता. या बॉडीवर वायपर सील सरकते. नखाला अडकेल एवढा चर असेल तर कितीही नवी सीले बसवा, हवा तिथून निघतच राहते. नखाला न लागणारी फिकट रेघ चालते.

सायकलचे दुकान. गिअर, ब्रेक, चाके यांत त्यांचा हात चांगला आहे. पण त्यांच्याकडे ना शाफ्ट (डँपरचा दांडा) धरायचा क्लँप होता, ना आत तेल आणि वायू वेगळे ठेवणाऱ्या तरंगत्या पिस्टनची खोली मोजायचे साधन. ते शॉक बाहेरगावीच पाठवणार होते, फक्त मध्ये आणखी एक टप्पा वाढला असता. हे त्यांनी विचारल्यावर स्पष्ट सांगितले, ही त्यांची चांगली गोष्ट.

मोटरसायकलच्या शॉकचे वर्कशॉप. इथे मोह मोठा होता. त्यांच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर, प्रेस, पुलर, सगळे होते आणि दुकान घरापासून वीस मिनिटांवर. मालक तिथे शॉक घेऊन गेला. वर्कशॉपचे काका साठीच्या पुढचे, शॉक हातात घेऊन त्यांनी तो दोनदा दाबला आणि विचारले, “यातला पिस्टन किती खोल बसवायचा, याचा कागद आहे का तुझ्याकडे?”

“काका, कंपनीचं मॅन्युअल आहे. पण वायू भरायला वेगळा अडॅप्टर लागतो म्हणे.”

“मग तो आणल्याशिवाय मी हात लावणार नाही. आमच्या गाड्यांच्या शॉकला एवढंसं इकडेतिकडे चालतं, याला चालणार नाही. तुझं ते खटखटणं मात्र बेअरिंगचं आहे. ते काम दे, करून देतो.”

काकांचे हे उत्तर या प्रकरणातले सगळ्यात उपयोगी उत्तर ठरले. सायकलच्या डँपरमध्ये तेल थोडे असते, त्यामुळे तरंगता पिस्टन एखाददुसऱ्या मि.मी.ने चुकला तरी एकतर वायूला जागा कमी पडते आणि शॉक शेवटी आखडतो, किंवा तेल कमी पडते आणि सुरुवातीलाच पोकळी येते. तेलही वेगळे. मोटरसायकलच्या फोर्कचे तेल सहसा १० ते २० वजनाचे (हा दाटपणाचा आकडा) असते, सायकलच्या डँपरला बहुतेक ठिकाणी ३ ते ७ लागते. डब्यावरचे हे आकडे दोन कंपन्यांत सारखे नसतात, म्हणून तुलना ४० अंशांवरच्या सेंटिस्टोकमध्येच (दाटपणाचे एकक) करावी. जाड तेल घातले तर रिबाउंड एवढा मंद होतो की लागोपाठच्या दगडांवर शॉक वर यायच्या आतच पुढचा मार बसतो. टायरमध्ये भरायचा पेट्रोल पंपावरचा नायट्रोजन तर इथे निरुपयोगीच. त्याच्या दाबाने काम भागत नाही, डँपरला कित्येक शे पीएसआय लागतात.

घरी करणे. एअर कॅनसाठी हा पर्याय पूर्णपणे योग्य आहे. किट, पट्ट्याचा पाना, मऊ जबड्यांचा शिकंजा, वाल्व्हचा गाभा काढायचे साधन आणि शॉक पंप एवढे हवे. डँपरसाठी मात्र नाही.

पुण्यातले एक सस्पेन्शन वर्कशॉप. फक्त हेच काम करणारे. फोनवर त्यांना चार गोष्टी विचारल्या. या मॉडेलचे डँपर किट हाताशी आहे का? वायू भरायचा अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का? कोणते तेल घालणार? काम झाल्यावर डायनोवर (शॉक तपासायचे यंत्र) किंवा निदान हाताने रिबाउंडचा फरक तपासून सांगणार का? चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरे थेट मिळाली. डायनो नाही, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. खर्च, जाण्या-येण्याच्या पार्सलसकट, नव्या शॉकच्या किमतीच्या चौथाईहून कमी होता. अडचण वेळेची: अडीच-तीन आठवडे सायकल उभी.

काम: हवेचा डबा

मालकाने पहिले काम एअर कॅनचे केले. पद्धत सविस्तर देत आहोत, कारण घरी करणाऱ्याला दुखापत होण्याची जागा हीच आहे.

शॉक सायकलवर असतानाच दाब, सॅग आणि आतल्या व्हॉल्यूम स्पेसरची (हवेची जागा कमी करणारे तुकडे) संख्या लिहून ठेवायची. हवा एकदम सोडायची नाही. वाल्व्ह हलके दाबत, मध्येमध्ये शॉक दाबत सावकाश सोडायची. भसकन सोडली तर मुख्य कप्प्यातली हवा निघते आणि मागच्या निगेटिव्ह, म्हणजे उलट बाजूने ढकलणाऱ्या, कप्प्यातली अडकून राहते. सगळी हवा काढल्यावर शॉक आपोआप आखडला आणि ओढूनही पूर्ण लांब होत नसेल, तर आत दाब अडकलेला आहे. असा शॉक घरी उघडायचा नाही. डबा सुटताच गोळीसारखा उडतो. तो तसाच, त्याबद्दलच्या चिठ्ठीसकट, वर्कशॉपला पाठवायचा. या शॉकला तसे काही नव्हते. तरी आयलेटमधून जाड फडके ओवून ठेवले, म्हणजे डबा उडाला तरी फडक्यापाशी अडकतो.

मग वाल्व्हचा गाभा काढला, आयलेट मऊ जबड्यांत धरला आणि पट्ट्याच्या पान्याने डबा उलटा फिरवून सोडवला. आतले जुने तेल काळपट, रेवाळ निघाले. जुनी सीले काढताना स्क्रू ड्रायव्हर वापरला नाही. खोबणीवर एक ओरखडा पडला की नव्या सीलला बसायची जागाच बिघडते. प्लास्टिकची टोकदार पट्टी किंवा टूथपिक पुरते. खोबण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. ब्रेक क्लीनर रबर खराब करू शकतो, तो इथे नको. नवी सीले सस्पेन्शनच्या मऊ ग्रीसने माखली. चाकाच्या बेअरिंगचे घट्ट लिथियम ग्रीस लावले तर शॉक पहिल्या मि.मी.ला चिकटल्यासारखा वागतो. सीलला आधार देणाऱ्या बॅकअप रिंगांचा क्रम जुन्याचा फोटो पाहून ठेवला, चौकोनी कापाची रिंग पीळ न पडता बसली आहे की नाही ते भिंगातून पाहिले, आणि किटच्या पुस्तिकेत सांगितले तेवढेच, मिलिलिटरच्या हिशेबातले, तेल डब्यात घातले.

सियागंजच्या हार्डवेअर बाजारात ओ-रिंगा मापाने मिळतात, म्हणून पुष्कळांना किटचा खर्च वाया वाटतो. जागेवर स्थिर राहणाऱ्या ओ-रिंगेसाठी ते चालून जाते. पण जे सील दर फेरीत हजारो वेळा सरकते, त्याचा काप, कडकपणा आणि बॅकअप रिंग तिन्ही जुळावे लागतात. तिथे किटच घ्यावे.

हवा भरताना एक चूक झाली. एकदम १७५ पीएसआय भरले. शॉक ताठ उभा राहिला, सॅग जेमतेम १० मि.मी., म्हणून हवा कमी करत करत १५वर आणली. पहिल्याच फेरीत शॉक खोल बसू लागला. कारण सुरुवातीला निगेटिव्ह कप्पा रिकामा असतो आणि शॉक काही वेळा दाबला गेल्यावर हवा त्यात जाते. बरोबर रीत अशी: ५०-५० पीएसआयने चढायचे, प्रत्येक टप्प्यावर दहा-एक वेळा शॉक सावकाश दाबायचा, मग पुढे जायचे, आणि सॅग सगळ्यात शेवटी मोजायची.

याच वेळी, डबा बाहेर असताना, डँपरने आपला आजार उघड दाखवला होता. डबा काढल्यावर डँपरचा दांडा आत ढकलला तर वायूच्या दाबाने तो स्वतःच बाहेर यायला हवा, आणि ढकलताना विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा लागायला हवा. इथे दांडा ढकललेल्या जागीच राहिला आणि पहिले दहा-एक मि.मी. विरोधाशिवाय गेले. तेलामागचा वायू निघून गेला होता आणि तेलात हवा मिसळली होती. पचपच आवाज त्याचाच. मालकाने हे पाहिले, पण त्याचा अर्थ त्याला कळला नाही. त्याने डबा परत लावला.

काम: सांधे

फ्रेमच्या पुस्तिकेत बेअरिंगांची यादी होती. मुख्य पिव्हट आणि रॉकरमध्ये ६९०२, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, रुंदी ७ मि.मी. सीटस्टेच्या (मागच्या चाकाच्या वरच्या दांडीच्या) सांध्यात ६९००, म्हणजे १०, २२, ६. ही मापे औद्योगिक आहेत, सियागंजात सहज मिळतात. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेली २आरएस घ्यायची. सी३ छापलेली घेऊ नयेत. त्यांच्यात मुद्दाम जास्त मोकळीक ठेवलेली असते, ती वेगाने तापणाऱ्या मोटारीसाठी. पिव्हटमध्ये ती मोकळीक थेट ढिलाई म्हणून जाणवते. मूळ बेअरिंगे पिंजरा नसलेली, जास्त गोळ्यांची होती, पिव्हटसाठी तीच उत्तम. ती त्या आठवड्यात कुठेच मिळाली नाहीत. साधी २आरएस बसवायची की थांबायचे, हा निर्णय होता. काकांनी साधी बसवली, पण आधी एका बाजूचे झाकण अलगद उचलून आत जलरोधक ग्रीस पूर्ण ठासले. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगात एवढे ग्रीस भरले तर ते तापते, पण पिव्हट वेगाने फिरतच नाही, त्यामुळे तिथे भरलेलेच चांगले, पाण्याला जागा उरत नाही.

बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर दाबले तर जोर गोळ्यांमधून जातो आणि नवे बेअरिंग बसतानाच दाणेदार होते. काकांनी २८ मि.मी.च्या कड्याला जुळणारा सॉकेट आणि लांब बोल्ट वापरला, हातोडा नाही. खालच्या आयलेटचे बुशही त्यांनीच शिकंज्यात दोन सॉकेटांमध्ये धरून दाबून बसवले.

बोल्ट मात्र मालकाने घरी आवळले, आणि दोन फेऱ्यांनंतर आवाज परत आला. बेअरिंग ठीक होते, मुख्य पिव्हटचा बोल्टच सैल झाला होता. बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या जुन्या थ्रेडलॉकरचा वाळलेला थर न काढता त्यावरच नवा निळा थ्रेडलॉकर लावला होता, तो धरलाच नाही. आटे तारेच्या ब्रशने आणि अल्कोहोलने साफ केले, निळा थ्रेडलॉकर परत लावला, पुस्तिकेतल्या टॉर्कपर्यंत टॉर्क पान्याने आवळले आणि रात्रभर सुकू दिले. आवाज गेला.

काम: डँपर

आता गळती नव्हती, खटका नव्हता, तरी जानापावच्या उतारावर मागचे चाक उसळतच होते. तेव्हा मालकाने पुण्याच्या वर्कशॉपला फोन करून डबा काढलेला असताना काय दिसले ते सांगितले, आणि त्यांनी दोनच वाक्यांत निदान केले. शॉक पाठवायचे ठरले.

पाठवण्याआधी हवा सावकाश पूर्ण काढली, बुशमधल्या धातूच्या नळ्या आणि वॉशर काढून घरीच ठेवले, कारण ते हरवले की फ्रेमच्या मापाचे परत मिळवणे कठीण. शॉक बुडबुड्यांच्या प्लास्टिकात आणि कडक खोक्यात. सोबतची चिठ्ठी अशी होती: मॉडेल आणि अनुक्रमांक, बॉडीवरच्या ट्यून लेबलचा फोटो, माप २१० × ५५, स्वाराचे वजन ७८ किलो, दाब १७५, सॅग १५, व्हॉल्यूम स्पेसर एक, तक्रार लांब उतारावर रिबाउंड संपतो, डबा काढल्यावर दांडा बाहेर येत नाही, आणि हवेची सीले नुकतीच बदलली आहेत. इंदूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या बसने पार्सल गेले आणि पुण्यातल्या आतेभावाने ते स्टँडवरून उचलून वर्कशॉपला नेऊन दिले. कुरिअरपेक्षा हे लवकर पोचले आणि खोके कुठे आपटले जाईल याची चिंता उरली नाही.

निष्पत्ती

वर्कशॉपने डँपर उघडला तेव्हा तेल फेसाळ, राखाडी निघाले आणि तरंगत्या पिस्टनचे सील कडक झालेले. वायू त्याच वाटेने तेलात गेला होता. झडपांचे पातळ वॉशर शाबूत होते. डँपर बॉडीवर एक फिकट रेघ होती, नखाला न लागणारी, म्हणून बॉडी तशीच ठेवली. नवे तेल, नवी सीले, पिस्टनची खोली पुस्तिकेप्रमाणे, वायू भरून परत. शॉक तिसऱ्या आठवड्यात इंदूरला आला.

बसवल्यावर पहिली चाचणी गल्लीत झाली: नॉब पूर्ण बंद केल्यावर सॅडल सावकाश वर येते, पूर्ण उघडल्यावर झटकन. मग सॅग १५वर लावली आणि रिबाउंड पूर्ण बंदपासून क्लिक मोजत, फुटपाथच्या कडेवरून बसूनच उतरून, सायकल एकदाच खाली जाऊन वर येऊन थांबेल तिथे ठेवला. तो आकडा हँडलबारच्या खाली चिकटवलेल्या कागदावर आहे. उतारावर पहिल्या दगडाला आणि शेवटच्या दगडाला मागचे चाक आता सारखे वागते.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात महागडी चूक क्रमाची. डँपरच्या कामात एअर कॅन उघडावाच लागतो आणि बहुतेक वर्कशॉप त्याच्या खर्चातच हवेची सीलेही बदलतात. म्हणजे मालकाने बसवलेले किट काही आठवड्यांतच काढले गेले. रिबाउंडची चाचणी आधीच नकारार्थी होती. तिथेच थांबून शॉक पाठवला असता तर एक किट आणि निदान तीन शनिवार-रविवार वाचले असते. नियम असा ठेवता येईल: रिबाउंडचा नॉब काम करत नसेल, पचपच आवाज येत असेल किंवा आतला दाब अडकला असेल, तर घरी किट मागवू नये. तिन्ही नसतील आणि फक्त हवा जात असेल, तरच किट.

एअर कॅनचे काम शिकण्याचा मात्र पश्चात्ताप नको. दर ५० तासांनी शॉक पुण्याला पाठवणे परवडणारे नाही आणि आता पुढच्या वेळी ते घरी एका संध्याकाळी होईल. दर वेळी डबा काढलाच आहे तर दांडा ढकलून पाहायचा, म्हणजे डँपरची तब्येतही त्याच वेळी कळते.

मोटरसायकलच्या वर्कशॉपला डँपर न देणे बरोबर होते, पण तिथे जाणे वाया गेले नाही. प्रेस, पुलर आणि बेअरिंगची जाण सायकलच्या दुकानात सहसा एवढी नसते. सांध्यांसाठी या वर्कशॉपला पहिली पसंती द्यायला हरकत नाही, बेअरिंग क्रमांकांची यादी आणि टॉर्कचा तक्ता छापून सोबत नेला की झाले. जो कारागीर ‘कागद आहे का’ असे विचारतो, त्याच्यावर विश्वास टाकावा. जो न विचारता ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्या हाती दाबाखालचा भाग देऊ नये.

वेळही चुकली होती. पावसाळा संपल्यावरचे महिने माळव्यात सायकलिंगचे सगळ्यात चांगले आणि शॉक तेव्हाच पुण्यात होता. जूनअखेर काळी माती टायरला चिकटू लागली की वाटा तशाही बंद होतात. डँपर तेव्हा पाठवायचा, सप्टेंबरात परत, त्यानंतर ५० तासांनी घरी हवेची सीले, आणि उन्हाळ्याच्या धुळीनंतर पुन्हा एकदा. धुण्यासाठी बादली, मऊ ब्रश आणि पातळ साबण पुरतो. फवारा लागलाच तर चाकांवर, सांध्यांवर नाही.

पिंजरा नसलेली ६९०२ बेअरिंगे आता मागवून ठेवली आहेत. साधी २आरएस पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतील असा अंदाज आहे. शॉक पुण्याला जाईल त्याच आठवड्यात मागचा त्रिकोण काकांकडे जाईल.